मदत हवी आहे : हात थरथरणाऱ्या बाबांना औपचारिक जेवणाला नेताना

पुढच्या आठवड्यात ऑफिसतर्फे मोठ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण आहे, घरच्यांसह. बाबांचा हात थरथरतो. घरी ते खोलगट वाडग्यातून, जाड दांड्याच्या चमच्याने निवांत जेवतात. तिथे काटे-सुऱ्या असणार. बाहेरच्या बाजूचे आधी उचलायचे, ब्रेडची बशी डावीकडची, ग्लास उजवीकडचा, जेवण झालं की काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवायची, एवढं त्यांनाही ठाऊक आहे.

खरी अडचण सूपची. ते कान असलेल्या कपात, अर्धंच मागितलं तर वावगं दिसेल का? पदार्थाचे तुकडे किचनमधूनच करून आणायला सांगता येतं का? हे आधी फोनवर कळवावं की तिथे वेटरला हळूच सांगावं? चारचौघांत त्यांना ओशाळं वाटू नये, याचीच फार काळजी वाटते. कुणाला अनुभव असल्यास कृपया सांगा.