५० हजारांत एकच हेडफोन: काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलोरंट आणि शास्त्रीय संगीत

एको_राउंड
नमस्कार मंडळी. बजेट ५० हजार. त्यात हेडफोन, गरज पडली तर डॅक-अँप (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून वाढवणारी डबी) आणि माइक, सगळं बसवायचं आहे. वापर साधारण निम्मा-निम्मा: काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट हे शूटर गेम (दोन्ही रँक्ड), आणि बाकी वेळ गाणं. ख्याल, नाट्यपदं, तबला सोलो, थोडं मेटल.

यादी इथवर आली आहे: सेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी १९९० प्रो (२५० ओहमचा, म्हणजे तेवढ्या विद्युत-अडथळ्याचा, जुना), हायफायमॅन एडिशन एक्सएस. सध्या सगळं मदरबोर्डच्या पुढच्या जॅकवर चालतं. पावलं कुठून येतात हे नेमकं कळावं, पण त्यापायी गाणं कर्कश होऊ नये. ७.१ (आठ स्पीकरचा, चहूबाजूंनी घेरणारा आवाज) असलेला गेमिंग हेडसेट घ्यावा असं मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे का? आणि २५०-३०० ओहम म्हणजे अँप आलाच का?

क्लच_काका
आधी ७.१चं बघू, सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. हेडफोनला कप दोनच. आवाजाची दिशा कानाला कळते ती तीन गोष्टींवरून: एका कानाला दुसऱ्याच्या किती आधी पोचला (जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद), डोक्याच्या आडोशामुळे किती मंदावला, आणि बाह्यकर्णाच्या घड्यांनी वरच्या पट्टीत, साधारण ४-५ किलोहर्ट्झच्या पुढे, त्यात काय फेरफार केला. पुढे-मागे आणि वर-खाली हा फरक मुख्यतः या तिसऱ्या गोष्टीवर ठरतो. हे गणित गेम स्वतःच करतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये ते २०१६ पासून आहे, व्हॅलोरंटमध्ये ऑडिओ सेटिंगमध्ये वेगळं बटण आहे.

गेमने एकदा गणित करून दिलेल्या आवाजावर विंडोज सॉनिक, डॉल्बी अॅटमॉस किंवा हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं ७.१ चढवलं की तेच गणित दुसऱ्यांदा होतं. आवाज ऐसपैस वाटतो, पण पुढचं आणि मागचं एकमेकांत मिसळतं. म्हणून या दोन्ही गेमसाठी:

विंडोजमध्ये स्पेशियल साउंड बंद, डिव्हाइस स्टिरिओ, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. रिअलटेकच्या एन्हान्समेंट्स बंद. त्यातलं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ अनेक जण मुद्दाम चालू ठेवतात, कारण दूरची पावलं मोठी होतात. खरं आहे, पण जवळची आणि दूरची सारखीच मोठी होतात, म्हणजे अंतराचा अंदाज गेला. व्हॅलोरंटमध्ये स्पीकर कॉन्फिगरेशन स्टिरिओ आणि एचआरटीएफ चालू. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ईक्यू (इक्वलायझर, आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा) प्रोफाइल ‘नॅचरल’. ‘क्रिस्प’ वरची पट्टी उचलतं, बायरसारख्या आधीच तिखट हेडफोनवर ते नकोच. ‘एल/आर आयसोलेशन’ मध्यावर ठेवून सुरुवात करा. फार वाढवलं तर डावं-उजवं सुटं होतं, पण समोरचे तिरके कोन धूसर होतात.

थोडक्यात, हेडफोनचं काम उरतं ते दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या वाजवण्याचं. तेवढं चांगला स्टिरिओ हेडफोन कुठल्याही ७.१ हेडसेटपेक्षा चोख करतो.

डग्गा४४१
यादीतले तिन्ही चांगले आहेत, पण स्वभाव पार वेगळे.

एचडी ६०० हा १९९७ पासूनचा. गळ्यासाठी या किमतीत याच्यापुढे जाणारा सापडणं कठीण. ख्यालातली मींड, हार्मोनियमची बारीक कंपनं, तानपुऱ्याची जवारी, सगळं जागच्या जागी. कमी दोन आहेत. एक, अगदी खालचा भाग हळूहळू उतरत जातो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा कळतो पण छातीत येत नाही. दोन, आवाजाचा पट अरुंद आहे: डावीकडे एक पुंजका, मध्ये एक, उजवीकडे एक. गेममध्ये दिशा कळते, पण ४५ अंशांवरचा माणूस आणि ६० अंशांवरचा यांत फरक करायला सवय लागते.

डीटी १९९० प्रो तपशिलाचा राजा. बंदुकीचा बोल्ट, दोर, जिन्यावरचं पाऊल, सगळं उघडं पडतं. पण ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. जुन्या नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रणांत आधीच खरखर असते, तिथे ‘स’ आणि ‘श’ टोचतात. सोबत पॅडच्या दोन जोड्या येतात. ‘अॅनालिटिकल’ बाजूला ठेवून ‘बॅलन्स्ड’ लावा, खालचा भाग भरतो आणि वरची धार त्या मानाने कमी जाणवते.

एडिशन एक्सएस प्लॅनर आहे, म्हणजे आत नेहमीच्या शंकूऐवजी सपाट पातळ पडदा. खालची पट्टी जवळजवळ सपाट २०-३० हर्ट्झपर्यंत जाते, म्हणून तबला आणि मेटलचा डबल बास दोन्ही खरे वाटतात. पट तिघांत सर्वांत रुंद. पण ४०५ ग्रॅम, आणि कप मोठे लंबगोल. डोकं लहान असेल तर जबड्यापाशी फट राहते आणि ज्या बाससाठी घेतला तोच गळतो. हेडबँडवर कप आडवे वळत नाहीत, त्यामुळे हे बसवून घेता येत नाही. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅम आहे. सलग चार तास खेळणाऱ्याच्या मानेला हा फरक कळतो.

आणि रुंद पट म्हणजे अचूक दिशा असं नाही. पट रुंद असूनही समोरचा आवाज डोक्याच्या बाजूने आल्यासारखा वाटणारे हेडफोन आहेत. शूटरसाठी पटापेक्षा सुटसुटीतपणा बघा: स्मोक फुटतोय, साथीदार बोलतोय, तरी पाऊल वेगळं ऐकू येतं का.

ओहमचा_नियम
अँपच्या प्रश्नाचं उत्तर ओहममध्ये नसतं, ओहम आणि संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो) एकत्र बघावी लागते. कंपन्यांचे आकडे घेऊन ११० डीबीच्या शिखरासाठी हिशेब. (ऐकायचं एवढ्या मोठ्यांदा नाही. सरासरी ७५-८० ठेवून तबल्याच्या थापेला आणि गेममधल्या एडब्ल्यूपी बंदुकीच्या बाराला वर जागा हवी म्हणून ११०.)

डीटी १९९० प्रो: १ मिलिवॉटला १०२ डीबी. आणखी ८ डीबी हवेत, म्हणजे ६.३ मिलिवॉट. २५० ओहमवर ते होतात साधारण १.२६ व्होल्ट, करंट फक्त ५ मिलिअँपिअर.

एडिशन एक्सएस: ९२ डीबी, १८ ओहम. १८ डीबी हवेत, म्हणजे ६३ मिलिवॉट. व्होल्ट १.०७ च, पण करंट ५९ मिलिअँपिअर.

म्हणजे व्होल्ट जवळपास तेवढेच आणि करंट बारापट. कमी ओहमवाला हावरट निघाला. मदरबोर्डचा जॅक तिथेच दमतो: आवाज मोठा होतो पण बास ढिला पडतो, कधी फाटतो. एचडी ६०० ला व्होल्ट हवेत, दोन-अडीच मिळाले की निर्धास्त. १ व्होल्टच्या अॅपल डोंगलवर तो वाजतो, पण हळू आवाजात मुद्रित केलेल्या ख्यालाला व्हॉल्यूम शेवटापर्यंत न्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, अँपचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा ओहममधला अडथळा. हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. १८ ओहमला म्हणजे सव्वादोनच्या आत. प्लॅनरचा इम्पिडन्स सपाट असतो म्हणून तिथे फारसा सूर बदलत नाही. एचडी ६०० चा मात्र खालच्या पट्टीत ३०० च्या बराच वर चढतो, म्हणून जास्त इम्पिडन्सच्या ट्यूब अँपवर त्याचा बास फुगतो. काहींना तेच आवडतं. आवडू दे.

पुढच्या जॅकची खरी अडचण वेगळीच: केबल ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते. माउस हलवला किंवा फ्रेम रेट चढला की किणकिण ऐकू येते. यूएसबीवरचा कुठलाही प्रामाणिक डॅक-अँप हे थांबवतो. ३२ ओहमला १०० मिलिवॉटच्या वर आणि हाय गेनला (आवाज जास्त वाढवणाऱ्या सेटिंगला) २ व्होल्टच्या वर देणारा घ्या, तिन्ही हेडफोन चालतील. बॅलन्स्ड ४.४ मिमी जॅकसाठी जादा पैसे घालू नका, तुमच्या यादीला त्याची गरज नाही.

एको_राउंड
खूप आभार, बरंच कळलं. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. चष्मा आहे. आणि खोलीत पंखा कायम चालू, बाजूच्या हॉलमध्ये टीव्ही. उघडे हेडफोन चालतील ना? शिवाय वायरलेसचाही मोह होतोय.

क्लच_काका
हे आधी सांगायला हवं होतं! यादीतले तिन्ही ओपन-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू उघडी असलेले, आहेत, आणि ओपन-बॅक बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाही. पंख्याची घरघर खालच्या-मधल्या पट्टीत बसते आणि दूरच्या पावलांचा दबका भाग नेमका तिथेच असतो. माणूस मग व्हॉल्यूम वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डीबीला आठवड्याला ४० तास आहे, आणि आवाज वाढला की तास झपाट्याने घटतात. उलट बाजूही आहे: तुमच्या गोळ्या हॉलमध्ये ऐकू जातील आणि टेबलावरच्या माइकमध्ये साथीदारांना स्वतःचाच आवाज परत येईल.

पंखा एकवर आणि दार बंद करून भागत असेल तर ओपन-बॅक घ्या. नसेल तर क्लोज्ड डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. कंपनी साधारण १८ डीबीए अडवतो म्हणते. गाण्यात एचडी ६०० ची सर नाही, खालचा भाग फुगीर आणि वरचा तिखट, पण ईक्यूने माणसात येतो. तिसरी वाट इन-इअरची, म्हणजे कानात घालायच्या इअरफोनची. मोठ्या स्पर्धांत मंचावरचे खेळाडू गेमचा आवाज इन-इअरमधूनच ऐकतात. वरचा जाडजूड हेडसेट प्रेक्षकांचा गलका दाबायला असतो.

चष्मा: जाड काडी पॅडखाली फट पाडते. ओपन डायनॅमिकवर फरक थोडा, क्लोज्ड आणि प्लॅनरवर बास सरळ कमी होतो. काडी बारीक असेल आणि पॅड मऊ वेलोरचे असतील तर निभतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेतही वेलोरच बरं, चामडीसदृश पॅड सोलवटतात.

वायरलेसमध्ये ब्लूटूथ बाद. साध्या कोडेकवर (आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीवर) १५० ते २५० मिलिसेकंद उशीर, आणि माइक चालू केला की पीसीवर आवाज फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवाले चालतात. ऑडीझी मॅक्सवेल हा त्यातला गाण्यालाही न्याय देणारा, ९० मिमी प्लॅनर. वजन मात्र ४९० ग्रॅम.

डग्गा४४१
माइकचंही बघून ठेवा. व्ही-मोडा बूमप्रो छान आणि स्वस्त, पण त्याला हेडफोनवर एकाच बाजूला साधा ३.५ मिमी जॅक लागतो. एचडी ६०० आणि एक्सएस या दोघांना केबल दोन्ही कपांत जाते, डीटी १९९० ला मिनी एक्सएलआर, आणि डीटी ७७० ची केबल निघतच नाही. म्हणजे तुमच्या यादीत कुठेच बसत नाही. चिकटवायचा मॉडमाइक घ्या किंवा टेबलावर साधा यूएसबी डायनॅमिक माइक, तोंडापासून वीतभर अंतरावर, पंख्याच्या थेट झोतात नको.

पंखा मंद होणार असेल तर माझं मत एचडी ६००, मध्यम डॅक-अँप आणि माइक. ५० हजारांत बसायला हरकत नाही, भाव सेलप्रमाणे बघा. डीटी १९९० मध्ये बाकीसाठी फार उरत नाही. परदेशातून मागवायचा मोह झाला तर ड्युटी आणि जीएसटी धरून हिशेब करा, आणि तिथली वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

पीक_फिल्टर
कुठलाही घ्या, ईक्यू फुकट आहे. इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर आणि ते सहज चालवायला त्यावर पीस ही खिडकी. इन्स्टॉल करताना नेमका तुमचा डॅक निवडा, मग रीस्टार्ट. विंडोजने ड्रायव्हर बदलला की ईक्यू गुपचूप सुटतो. अचानक आवाज ‘वेगळा’ वाटला तर आधी तेच तपासा.

बायर घेतलात तर: पीक फिल्टर, ८५०० हर्ट्झ, उणे ५ डीबी, क्यू (फिल्टर किती अरुंद) २.५. उंचवट्याची जागा प्रत्येकाच्या कानात थोडी सरकते, म्हणून ७ ते १० किलोहर्ट्झ हळू स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच सूर) वाजवून जिथे टोचतं तिथे फिल्टर न्या. एचडी ६०० वर लो-शेल्फ (एका जागेखालचा सगळा भाग उचलणारा फिल्टर) १०५ हर्ट्झ, अधिक ४ डीबी. त्याहून जास्त दिलंत तर मोठ्या आवाजात डग्गा फाटायला लागतो. जितकं वाढवलं तितकाच प्रीअँप (ईक्यूतला एकूण आवाज) उणे करा, नाहीतर क्लिपिंग होतं, आवाज फाटतो. गेम आणि गाणं यांची प्रोफाइल वेगळी ठेवा. गेममध्ये बासचं शेल्फ बंद, स्फोटांनंतर पावलं लवकर सुटी होतात.

हातात आल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी एवढं करा. मोनो आवाजात २० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ स्वीप लावा. आवाज डोक्याच्या मध्यावरून हलला नाही पाहिजे. एखाद्या जागी डावीकडे सरकला तर हेडफोन उलटा घाला. सरकणं आता उजवीकडे गेलं तर दोष हेडफोनचा किंवा अँपचा. डावीकडेच राहिलं तर तुमच्या कानाचा किंवा पॅड नीट न बसल्याचा. हेडफोनचा की अँपचा हे काढायला दुसऱ्या यंत्रावर, अगदी फोनवर, तोच स्वीप लावा. ३० ते २०० हर्ट्झमध्ये एका बाजूला करकर आली तर लगेच बदलून मागू नका, पॅड काढून बघा. बहुतेक वेळा पडद्यावर केस पडलेला असतो.

मग मित्राला खासगी सामन्यात तुमच्याभोवती आठ दिशांनी चालायला सांगा. डोळे मिटून क्रॉसहेअर आवाजाकडे वळवा, उघडून बघा. डाव्या-उजव्याची चूक झाली तर सेटिंग किंवा केबल उलटी आहे. पुढे-मागेच गोंधळ होत असेल तर आधी कुठे दुसरं ७.१ चालू राहिलंय का ते शोधा, आणि नसेल तर आठवडाभर त्याच सेटिंगवर खेळा. गेमचा एचआरटीएफ दुसऱ्याच कुणाच्या कानांवरून घडवलेला असतो, तुमच्या मेंदूला तो शिकायला वेळ लागतो. रोज सेटिंग बदललंत तर तो कधीच शिकणार नाही.

एको_राउंड
पंखा एकवर चालतोय, घरच्यांशी तह झाला. एचडी ६०० नक्की. डॅक-अँपमध्ये दोन मॉडेल निवडून उद्या इथेच टाकतो, आउटपुट इम्पिडन्सच्या आकड्यासकट.