सिसिलीतलं मोत्सिया बेट आणि तिथलं छोटं म्युझियम, आईबाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

सांगलीकर_म्युनिक
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आईबाबा येतायत, त्यांना घेऊन आठवडाभर सिसिली करायचं ठरलंय. पालेर्मो आणि अग्रिजेंतो नक्की आहे, शेवटच्या दोन रात्री त्रापानीला. तिथून जवळ मार्सालाच्या बाजूला खाडीत मोत्सिया नावाचं बेट आहे आणि त्यावर फिनिशियन (आजच्या लेबनॉनकडचे प्राचीन दर्यावर्दी व्यापारी) लोकांच्या वस्तूंचं लहानसं म्युझियम आहे असं कळलं. बाबा इतिहासाचे मास्तर होते, आयुष्यभर फळ्यावर नकाशे काढून ग्रीक आणि रोमन शिकवले पण प्रत्यक्ष त्यातलं काही बघितलेलं नाही, त्यामुळे मला त्यांना तिथे न्यायचंच आहे. पण आईचे गुडघे दुखतात, आणि ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या की तिथे एकच पुतळा बघण्यासारखा आहे, बाकी नुसते दगड, अर्धा दिवस फुकट घालवू नका. खरंय का? बोट, चालणं, ऊन याबद्दल पण सांगा प्लीज.

मीठभाकर
जाच. मी दोनदा गेलेय, पहिल्यांदा फक्त पुतळ्यासाठी आणि दुसऱ्यांदा बाकी सगळ्यासाठी, आणि दुसरी खेप जास्त लक्षात राहिलीय.

खाडी म्हणताय पण ते भूगोलाच्या पुस्तकातलं खाजण आहे, स्तान्योने नाव त्याचं, पाणी इतकं उथळ की कित्येक ठिकाणी कमरेच्या वर जात नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे बेट वसवलं. आख्खं बेट साधारण ४५ हेक्टर, काठाकाठाने चक्कर मारली तर अडीच किलोमीटर. ख्रिस्तपूर्व ३९७ मध्ये सिसिलीतल्याच सिराक्यूज या ग्रीक शहराच्या हुकूमशहाने, डायोनिसियसने, या शहराची राखरांगोळी केली, जे वाचले त्यांनी समोरच्या किनाऱ्यावर लिलिबेयम वसवलं, तेच आजचं मार्साला. बेटावर परत मोठं शहर उभं राहिलंच नाही, त्यामुळे जमिनीखालचं बरंचसं तसंच राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्साला वाइनच्या धंद्यातल्या इंग्रज घराण्यातल्या जोसेफ व्हिटेकरने शेतकऱ्यांकडून तुकड्यातुकड्याने बेट विकत घेतलं आणि खणायला लागला. माणूस पक्ष्यांचा अभ्यासक, ट्युनिशियातल्या पक्ष्यांवर काम केलेला. म्युझियम आहे ते त्याच्याच बेटावरच्या घरात.

आता पुतळा. १९७९ साली उत्खननात सापडला, संगमरवरी, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला, दंड नाहीत पावलं नाहीत तरी १.८१ मीटर उंच. लोक समोरून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही बाबांना बाजूला न्या. डावा हात तुटून गेलाय पण पंजा तेवढा कमरेवर राहिलाय आणि त्याची बोटं कापडावरून मांसात रुतलीयत, रुतलेल्या जागी कातडी दबते ना तशी दबलेली दाखवलीय, दगडात! अंगावरचा झगा इतका झिरझिरीत की घामाने चिकटल्यासारखा वाटतो, आणि मागून तर बघायलाच हवा. छातीवरच्या पट्ट्याला भोकं आहेत, तिथे धातूचं काहीतरी बसवलेलं असणार. रथ हाकणारा असावा असं बरेच जण मानतात, काही म्हणतात फिनिशियनांचा देव मेलकार्त, काही म्हणतात पुजारी. ग्रीक हाताचं काम फिनिशियन शहरात कसं आलं यावर अजून वाद चालूच आहेत, बाबांना हे सांगून बघा, संध्याकाळभर बोलतील.

पण पुतळ्यापाशी थांबू नका. भाजक्या मातीचा एक मुखवटा आहे, डोळे चंद्रकोरीसारखे, तोंड वेडंवाकडं हसतंय, त्याच्यासमोर मी पुतळ्यापेक्षा जास्त वेळ उभी होते. आणि तोफेतमधले दगड. तोफेत म्हणजे तान्ह्या मुलांच्या आणि कोकरांच्या जळलेल्या अस्थी मडक्यांत भरून पुरायची जागा, बेटाच्या उत्तर काठावर आहे. वर उभे करायचे कोरीव दगड तिथे हजाराच्या वर सापडले. काहींवर नुसती माणसाची बाह्यरेषा, चेहरा नाही काही नाही. ज्यांना हे नुसते दगड वाटतात त्यांनी वाकून बघितलेलं नसतं, एवढंच म्हणेन.

चालत_राहा
वरचं सगळं बरोबर, मी फक्त कामाचं लिहितो.

बोटी मुख्य रस्त्यालगतच्या मिठागरांपाशी सुटतात, दहाएक मिनिटांत पलीकडे. धक्के दोन आहेत आणि बोटवाले पण वेगवेगळे, म्हणून गाडी कुठल्या धक्क्याला लावलीय आणि परतीचं तिकीट कोणाचं आहे हे नीट लक्षात ठेवा. बोटीचं तिकीट वेगळं, बेटाचं आणि म्युझियमचं वेगळं. शेवटची बोट किती वाजता हे चढतानाच विचारून घ्या.

बेट सपाट आहे, चढण नाही, पण वाटा मातीच्या आणि सावली कमी. द्राक्षमळे, पाइनची झाडं, घायपात, निवडुंग, बस. टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असू दे. म्युझियम धक्क्यापासून लांब नाही, शेजारी कॉफीपाणी मिळतं, आई तिथे निवांत बसू शकतात आणि तुम्ही बाबांना घेऊन कोथोन नावाचा दक्षिणेकडचा जुना दगडी तलाव बघून या.

आम्ही पहिल्यांदा पॅकेज टूरने गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांनी बोटीसकट दीड तास दिला. म्युझियममध्ये घुसलो, पुतळा बघितला, शिट्टी वाजली, चला. माझ्या सासऱ्यांना दक्षिणेकडचं काहीच बघता आलं नाही आणि ते परत कधी जाऊ शकले नाहीत, मला अजून त्याचा राग येतो. स्वतः जा, आणि निदान तीन तास हाताशी ठेवा.

कोथोन म्हणजे दगडी बांधणीचा चौकोनी तलाव, साधारण ५२ मीटर बाय ३७. व्हिटेकरच्या काळापासून सगळे त्याला बंदर समजत होते. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या लोरेन्झो नीग्रोंच्या टीमने पाणी उपसून तळ तपासला तर समुद्राशी संबंध नाही, पाणी जमिनीतल्या गोड्या झऱ्यांचं, मधोमध पुतळ्याचा चौथरा आणि शेजारी बआल नावाच्या फिनिशियन देवाचं देऊळ. म्हणजे पवित्र कुंड! २०२२ मध्ये त्यांनी हे छापलं. शंभर वर्षं बंदर म्हणून शिकवलं गेलं ते.

गडवाट
मास्तरांसाठी एक गोष्ट माझ्याकडून.

बेटापासून समोरच्या बिरजीच्या किनाऱ्यापर्यंत दीड किलोमीटरपेक्षा लांब रस्ता होता, फिनिशियनांनीच बांधलेला, आता पाण्याखाली आहे, उत्तर दरवाज्यापाशी उभं राहिलं की त्याची दिशा कळते. अगदी अलीकडेपर्यंत मोठ्या चाकांच्या गाड्यांतून याच बुडालेल्या वाटेने द्राक्षं किनाऱ्याला नेत. डायोनिसियस चालून आला तेव्हा शहरवाल्यांनी आपल्याच हाताने हा रस्ता तोडला. मग त्याने समुद्रात भराव टाकत पुढे यायला सुरुवात केली, सोबत तेव्हा नव्यानेच निघालेली दगड-बाण फेकणारी यंत्रं आणि चाकांवरचे सहा मजली बुरूज, कारण शहरात घरंही तशीच उंच होती. तट फुटल्यावर सुद्धा लोक घराघरातून लढले, डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने हे सगळं लिहून ठेवलंय.

हे वाचताना मला जंजिराच आठवला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने समुद्रात असाच भराव घालायला घेतला होता, मोगल स्वराज्यावर चालून आले म्हणून तो अर्ध्यावर राहिला. मोत्सियाला तो पुरा झाला आणि शहर गेलं. म्युझियममध्ये त्या वेढ्यातली बाणांची टोकं आहेत, बोटाच्या पेराएवढी, नक्की शोधा.

सांगलीकर_म्युनिक
सगळ्यांचे मनापासून आभार, बोटीचं आणि तीन तासांचं लिहून घेतलंय. एक विचारायचं राहिलं. माझ्या आधीचं आईचं एक बाळ सव्वा महिन्याचं असताना गेलं, ती त्याबद्दल बोलत नाही पण विसरलेली पण नाही. ते मडक्यांचं सगळं एकदम समोर येतं का? बळी द्यायचे ना ते मुलांचे?

मीठभाकर
अंगावर येत नाही, पण त्या वस्तू मांडलेल्या आहेत, तेव्हा आधी सांगून न्या. बळीबद्दल अभ्यासकांत दोन तट आहेत. ग्रीक आणि रोमन लेखक बळी म्हणतात, पण ते शत्रूपक्षाचे. काही जण अस्थी तपासून म्हणतात की जन्मतः किंवा जन्मल्यावर लगेच गेलेल्या बाळांचीच ही जागा असावी, मोठ्यांच्या स्मशानात त्यांना जागा नसेल म्हणून. दुसरे म्हणतात की दगडांवरचे लेख नवस फेडल्याचे आहेत, तेव्हा बळी नाकारता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर आईंना दोन्ही बाजू सांगितल्या असत्या आणि आत जायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं असतं. बाहेर बसायचं म्हणाल्या तर बसू द्या.

सांगलीकर_म्युनिक
जाऊन आलो, लिहायला उशीर झाला. साडेतीन तास होतो.

बाबा पुतळ्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःचा हात कमरेवर ठेवून बोटं दाबून बघितली. बाणांची टोकं सापडली. कोथोनला तर त्यांनी माझा आख्खा तास घेतला, वहीत मोजमापं उतरवून.

आईला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली मी येणार. आतल्या दगडांसमोर थोडा वेळ थांबली, मला म्हणाली, "कुणीतरी एवढं कोरून ठेवलंय ना, मग टाकून नाही दिलेलं." मग बाहेर येऊन कॉफी घेतली.

परत आल्यावर ऊन उतरेपर्यंत मिठागरांपाशी थांबलो. मिठाच्या लांबच लांब राशी, पावसाने विरघळू नयेत म्हणून त्यांच्यावर चक्क कौलं रचलेली. आई ती कौलं हाताने चाचपून बघत होती, "आपल्या जुन्या घराची अशीच होती गं" म्हणाली, आणि गुडघ्याचं नाव त्या दिवशी एकदाही निघालं नाही.