बेला लुगोसी आणि साडेनऊ मिनिटांचा अंधार

न्यू वेव्ह, म्हणजे पंकनंतर आलेल्या पाश्चात्त्य पॉप-रॉक संगीतातल्या विस्मृतीत गेलेल्या भुताळी गाण्यांची चर्चा निघाली की ती सिंथेसायझरवाल्या गाण्यांभोवतीच फिरते, म्हणून नॉर्दॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडचे १९७९ सालचे 'बेला लुगोसीज डेड' हे साडेनऊ मिनिटांचे गाणे येथे नोंदवतो. काही जाणकार त्याला न्यू वेव्ह न म्हणता गॉथ रॉक या अंधाऱ्या, उदास रॉक संगीताचा उगम मानतात; मला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

मध्यंतरी कित्येक वर्षांनी ते पुन्हा ऐकले, तेही आधी फोनच्या स्पीकरवर, आणि निराशा झाली, कारण त्यातला बेसच तिथे ऐकू येत नव्हता. रात्री हेडफोन लावल्यावर मात्र केव्हिन हॅस्किन्सचा बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीताच्या वळणाचा ठेका, डेव्हिड जेचा पायरीपायरीने खाली उतरणारा बेस आणि डॅनियल ॲशच्या गिटारचे प्रतिध्वनीत विरघळणारे ओरखडे असे काही एकमेकांत मिसळत गेले की, पीटर मर्फीचा आवाज येईपर्यंत जवळजवळ तीन मिनिटे उलटली, हे लक्षातच आले नाही. एवढा वेळ गायकाला थांबवून ठेवण्याचे धाडस तेव्हाच्या सिंगलमध्ये विरळाच दिसे.

१९३१ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटात ड्रॅक्युला साकारणारा नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरले, हे ठाऊक असेल तर गाण्याच्या शब्दांतली वटवाघळे आणि थडगे निव्वळ सजावट वाटत नाहीत. १९८३ च्या 'द हंगर' चित्रपटाच्या सुरुवातीला मर्फी जाळीआडून हेच गातो. तेवढा प्रसंग जरूर पाहावा.