मदत हवी आहे : गोव्याचं नौदल विमान संग्रहालय की बंगळूरचं एचएएल?

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सोलापूरहून निघणार आहोत. नऊ वर्षांच्या लेकाला विमानांचं प्रचंड वेड. पुठ्ठ्याचं सी हॅरियर हे नौदलाचं लढाऊ विमान बनवलंय, खालच्या नळकांड्यांना टूथपेस्टची टोपणं लावलीत, आणि ते सरळ खाली कसं उतरतं हे येईल-जाईल त्याला दाखवतो. खरं सी हॅरियर गोव्यात दाबोळीजवळच्या संग्रहालयात आहे. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे या जातीची विमानंही तिथे आहेत. माझ्या वडिलांना त्या युद्धातला ब्लॅकआऊट, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद अजून आठवतात. त्यामुळे माझं मन गोव्याकडेच ओढ घेतंय.

पण बंगळूरला एचएएल या विमान कारखान्याच्या संग्रहालयात मारुत आहे, भारतातच आखणी करून बनवलेलं पहिलं लढाऊ जेट, १९६१ साली उडालेलं. शिवाय १९४० मध्ये तो कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद मूळचे आमच्या सोलापूरचे! लेकाला हे सांगताना मलाच भरून येतं. उद्यान एक्स्प्रेसने थेट जाताही येतं.

अडचण वडिलांच्या गुडघ्यांची. गोव्यात बरीच विमानं उघड्यावर आहेत, तिथे सावली आणि बसायला बाक आहेत का? मुलांना कॉकपिट जवळून बघता येतं का? दोन्ही ठिकाणी निवांत बघायला किती वेळ लागतो? लहान मुलं आणि वयस्कर मंडळी घेऊन कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. रविवारी तिकिटं काढायची आहेत.