शब्दचर्चा: देवाची 'उपस्थिती', 'समक्षता', 'सान्निध्य'... तुमच्याकडे काय म्हणतात?

परवा रविवारी चर्चच्या उपासनेत साक्षीच्या, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांना सांगायच्या वेळी एक कॉलेजचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काल रात्री प्रार्थनेत मला देवाची उपस्थिती खूप स्ट्राँग फील झाली." बोलताना त्याचा आवाज भरून आला होता. नंतर चहाच्या वेळी एक वयस्कर बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, बाळा, समक्षता म्हणावं रे, उपस्थिती शाळेत असते. तो गप्पच झाला. मला वाईट वाटलं कारण त्याला जे सांगायचं होतं ते खरं होतं, आणि बाईंचंही अगदीच चुकीचं नव्हतं. तेव्हापासून हे शब्द डोक्यात घोळतायत म्हणून इथे मांडते.

आधी समक्षता. सम् अधिक अक्ष, म्हणजे डोळ्यांसमोर. रोजच्या मराठीत आपण 'समक्ष भेटा' म्हणतो, पंचांसमक्ष पंचनामा होतो. पण '-ता' लावून समक्षता हा शब्द मी चर्चच्या बाहेर कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही, तो आपल्या ख्रिस्ती मराठीतच जगलाय. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, देवाच्या उपासनेच्या तंबूतल्या (मंडपातल्या) मेजावर ज्या भाकरी ठेवायच्या त्यांना काही भाषांतरांत 'समक्षतेची भाकर' म्हटलंय, काहींत 'समर्पित भाकर'. मूळ हिब्रूत तिथे 'पानीम' शब्द आहे आणि पानीम म्हणजे चेहरा, मुख! निर्गम या पुस्तकाच्या 33 व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला म्हणतो की तू स्वतः बरोबर येणार नसशील तर आम्हाला इथून पुढे नेऊच नकोस, तिथेही मूळ शब्द हाच, तुझा चेहरा बरोबर नसेल तर. उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून म्हणतात ना, परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो, तो मुखही तोच. म्हणून मला समक्षता आवडतो, त्यात चेहरा आहे, कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे त्यात आहे. आणि साक्ष, साक्षी, साक्षात, प्रत्यक्ष या सगळ्यांत तोच अक्ष, तोच डोळा आहे. तो मुलगा साक्ष द्यायला उभा होता म्हणजे शब्दाच्या मुळाशी जाऊन सांगायचं तर 'मी पाहिलंय' एवढंच सांगत होता.

आता उपस्थिती. बाई म्हणाल्या तसा आज हा शब्द हजेरीपटाचा झालाय खरा, 'प्रमुख पाहुण्यांची उपस्थिती' वगैरे. पण फोड करून बघा, उप म्हणजे जवळ आणि स्था म्हणजे उभं राहणं. जवळ उभं असणं! आणि उपासना म्हणजे उप अधिक आस, जवळ बसणं. म्हणजे दर रविवारी आपण ज्या शब्दाने जमतो तो बसण्याचा आणि हा उभं राहण्याचा, जवळ असणं दोन्हींत आहे. हे कळल्यापासून मला उपस्थिती खटकत नाही, त्या मुलाला पुढच्या रविवारी सांगणार आहे.

खटकतं ते क्रियापद. 'देवाची उपस्थिती आली', 'आज उपस्थिती उतरली नाही', 'वरशिपमध्ये उपस्थिती कमी होती' असं हल्ली सर्रास ऐकू येतं, जणू काही लोडशेडिंग आहे. बायबलमधलं 139 वं स्तोत्र तर उलटं विचारतं, तुझ्यापासून पळून जाऊ कुठे, वर आकाशात गेलो तरी तू, खाली अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तू. येतं-जातं ते आपलं लक्ष.

सान्निध्य बद्दल एक शुद्धलेखनाचं सांगते कारण पत्रिकांवर आणि बॅनरवर नेहमी 'सानिध्य' दिसतं. सन्निध वरून सान्निध्य, दोन न हवेत. शब्द सुंदर आहे पण थोडा पुस्तकी, प्रार्थनेत चालतो, बोलताना नाही.

---

प्रतिसादात एकांनी विचारलंय की 'दर्शन' का वापरत नाही, तो तर प्रत्येक मराठी माणसाला कळतो. वापरतो की! मोशेच्या त्या तंबूला मराठी बायबलमध्ये 'दर्शनमंडप' म्हटलंय. मूळ अर्थ भेटीचा तंबू असा आहे पण भाषांतर करणाऱ्यांनी भेट न म्हणता दर्शन म्हटलं, कारण आपल्याकडे देवाला भेटतात म्हणजे दर्शनच घेतात. दुसरा शब्द 'निवासमंडप'. आणि योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात लिहितो की शब्द, म्हणजे येशू, देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये 'वसती केली', तिथे ग्रीकमध्ये तंबू ठोकण्याचं क्रियापद आहे. म्हणजे दर्शन घेऊन घरी परत यायचं असा हा मामला नाही, तोच आपल्या वस्तीत राहायला आला. फरक आहे तो इथे.

---

वसईच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्याकडे कॅथलिक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिरताना गुडघा टेकतात, वेदीजवळचा तो छोटा दिवा सतत पेटता असतो, म्हणजे पवित्र ख्रिस्तशरीर (मिस्सात पवित्र केलेली भाकर) आत आहे, प्रभू खरोखर इथे आहे. आम्ही प्रोटेस्टंट घरात वाढलेलो, प्रभुभोजन महिन्यातून एकदा आणि त्यावरची शिकवण वेगळी. पण तुम्ही लिहिलंय की लहानपणी आई बाजारातून येताना भाजीची पिशवी बाहेर पायरीवर ठेवून पाच मिनिटं आत जाऊन बसायची आणि विचारलं तर म्हणायची 'फक्त बसायला गेले होते'. हीच ती उप आणि आस वाली उपासना, मला फोड करून सांगायला अर्धा परिच्छेद लागला आणि तुमच्या आईला पिशवी खाली ठेवायला तेवढा क्षण पुरला.

पॅरिसच्या मठातले ब्रदर लॉरेन्स आठवले. सतराव्या शतकातले, आधी सैनिक होते, पाय अधू झाला, मग मठाच्या स्वयंपाकघरात भांडीकुंडी आणि नंतर चपला दुरुस्तीचं काम, 1691 साली वारले. त्यांचं म्हणणं साधारण असं की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यात मला फरकच वाटत नाही, भांड्यांच्या खडखडाटातही देव तितकाच जवळ असतो. याला मराठीत मी 'सहवास' म्हणेन, त्यात रोजचेपणा आहे, एका घरात राहणाऱ्यांचा असतो तसा.

---

ज्यांनी विचारलंय की "मला वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, मग मी कुठला शब्द वापरू", त्यांना घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून उशीर झाला.

मराठीत बघा, 'मी अनुभव घेतला' यात कर्ता मी. पण 'मला जाणवलं' यात मी कर्ता नाहीच, मला फक्त ते होतं, जसं मला आठवलं, मला दिसलं. जाणवणं आपल्या हातात नाही हे आपल्या भाषेच्या व्याकरणातच आहे. त्यामुळे जाणवलं नाही हा तुमचा गुन्हा नाही, तुमचा विश्वास कमी आहे असं कोणी म्हणालं असेल तर ते मनावर घेऊ नका. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 10 वर्षांनी प्रसिद्ध झाली, त्यात जवळजवळ 50 वर्षांचा कोरडेपणा आहे, देव जवळ आहे असं वाटतच नाही हे त्यांनी स्वतः लिहिलंय आणि तरी कोलकात्यात रोज पहाटे उठून त्या प्रार्थनेला बसत होत्या. बायबलमधला याकोब दगड उशाला घेऊन झोपला आणि जागा झाल्यावर म्हणाला, परमेश्वर इथे होता आणि मला कळलंच नाही. येशूच्या पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याचे दोन शिष्य मैलोन् मैल त्याच्याबरोबर चालले, ओळखलं कधी तर भाकर मोडताना, आणि ओळखलं तोवर तो दिसेनासा झाला, मग म्हणतात वाटेत आपलं अंतःकरण पेटलं नव्हतं का. म्हणजे जाणीव मागाहून आली.

अजून एक, 23 वं स्तोत्र आज रात्री सर्वनामांकडे लक्ष देऊन वाचा. सुरुवातीला 'तो' आहे, तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला पाण्यावर नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की एकदम 'तू' होतं, तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात देवाबद्दल बोलणं चालू होतं आणि अंधारात देवाशी बोलणं सुरू झालं. उपस्थिती, समक्षता हे सगळे शब्द बाजूला ठेवले तरी चालतील, तुम्ही तेवढं 'तू' म्हणत राहा.

---

शेवटचा प्रश्न होता की मग बोलीत काय म्हणायचं, गावाकडच्या लोकांना काय सांगायचं. माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो आजीचा आहे.

आजी श्रीरामपूरकडची, शिकलेली नाही, बायबल दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. आजोबा गेल्यावर त्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. आपल्याकडे बाईमाणूस एकटं असलं की रात्री शेजारची पोर 'सोबतीला' झोपायला येते, काही करायचं नसतं, फक्त त्या खोलीत झोपायचं. सोबत हा शब्दही मूळचा अरबी, सोहबत वरून आलेला, पण आता इतका आपला आहे की सांगावं लागतं. तर शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "पोरीला लावून देऊ का सोबतीला?" आजी कंदिलाची काच फडक्याने पुसत होती, मान वर न करता म्हणाली, "नगं बाई. सोबत हाय की मला."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची, सुट्टीला गेलेले. घरात अजून कोण आहे म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बघून आले. आजीने वात लावली, काच बसवली, आणि दाराला कडी न घालता नुसतं लोटून घेतलं.