गाण्याच्या खोलीसाठी स्पीकर हवेत, खर्ज फार घुमतो

रामबाग, इंदूर

नमस्कार. मी रामबागेत गाणं शिकवते, तीस वर्षं झाली. गुरुजींच्या तालमीच्या चाळीसेक कॅसेट माझ्याकडे होत्या. भाच्याने गेल्या पावसाळ्यात त्या सगळ्या संगणकावर उतरवून दिल्या. शिवाय वडिलांच्या रेकॉर्ड्स आहेत, त्यांत आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या दोन एलपी. हे सगळं शिकायला येणाऱ्या मुलींना नीट ऐकवता यावं म्हणून स्पीकरची चांगली जोडी घ्यायची आहे. अँप्लिफायर धरून नव्वद हजार बाजूला काढलेत.

खोली म्हणजे जुन्या घराची बैठक. साडेसोळा फूट लांब, साडेदहा रुंद, छत दहा फुटांवर. खाली कोटा फरशी. एका लांब भिंतीला काचेची कपाटं, पुढच्या आखूड भिंतीत ओटल्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या. खिडक्यांसमोरच्या मागच्या भिंतीला लागून माझी गादी आणि लोड. मुली पुढे सतरंजीवर बसतात.

तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून सबवूफरवाला होम थिएटर सेट आणला होता. दुकानात सिनेमातली मारामारी लावून दाखवली, मीही भुलले. घरी गुरुजींचा पुरिया राग लावला आणि तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, घरभर घुमायला लागला. तबल्याच्या डग्ग्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, तर दिसेचना, नुसता धब्ब आवाज. गुरुजी खर्जात उतरले की त्यांचा गळा त्या घुमण्यात बुडून जायचा. त्या दिवशी मला रडू आलं होतं. दुकानदाराने सेट परत घेतला नाही, शेवटी तो धाकट्या दिरांकडे टीव्हीला गेला.

मला मोठा आवाज नको आहे. रिषभावरून षड्जावर येताना मधली वाट दिसली पाहिजे असं मी मुलींना सांगते, ती वाट स्पीकरमधून दिसावी. गुरुजींचा सूर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, होता, सांगून ठेवते.

टिळकनगर

ताई, नव्वदात उभे टॉवर स्पीकर येतात, तेच घ्या. माझ्याकडे आहेत. स्टँडचा खर्च वाचतो आणि आवाज भरीव लागतो. लहान डबे एवढ्या खोलीत पुरणार नाहीत.

राजेंद्रनगर

ताई, टिळकनगरच्या दादांचे टॉवर त्यांच्या खोलीत छान वाजत असतील, पण तुमच्या बैठकीत तोच त्रास पुन्हा होण्याची भीती आहे. मी रेकॉर्डिंगचं काम करतो. तुमचं शेवटचं वाक्य वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

काळी एकचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 139 कंपनांवर असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 वर. आता खोली बघा. साडेसोळा फूट म्हणजे पाच मीटर. हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, तेव्हा 69 हर्ट्झच्या लाटेची लांबीही बरोबर पाच मीटर होते. तुमची बैठकच गुरुजींच्या खर्जाला लागलेली आहे! अशा खोलीत तो एक सूर दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ आणि अगदी मधोमध फुगतो, आणि दोन्ही टोकांपासून चार-सव्वाचार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. तुमची गादी भिंतीला टेकलेली, म्हणजे सगळ्यात जास्त फुगण्याच्या जागी. तो सबवूफर कुठे होता? कोपऱ्यात असणार.

पडदे लावून हे जाणार नाही. पडदा, सतरंजी यांनी वरचे सूर मऊ होतात, खर्जाला त्यांचा काही अडसर होत नाही. जागा बदलणं हाच उपाय, आणि त्याला पैसे लागत नाहीत. स्पीकर खिडक्यांच्या भिंतीपासून चार फूट पुढे घ्या, तिथून तो सूर उठतच नाही म्हटलं तरी चालेल. गादी मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा. मध्ये साडेनऊ फूट उरतात, ऐकायला उत्तम.

खरेदीआधी एक करून बघा. भाच्याकडचा कुठलाही बऱ्यापैकी स्पीकर आणा, मोबाईलवरून 69 हर्ट्झचा सूर लावा आणि खोलीभर सावकाश चाला.

देवास

वरचं सगळं पटलं. मी स्पीकरबद्दलच बोलतो, चाळीस वर्षं हाच नाद आहे.

बीबीसीने 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा छोटा स्पीकर बनवला. गाडीत जागा कमी, आणि काम मुख्यतः माणसाचा आवाज पारखण्याचं. बंद डबा, पाच इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग. त्याच्या वाटेने जाणारे स्पीकर आजही बनतात आणि गळ्यासाठी मी डोळे मिटून तेच सांगेन, पण तुमच्या रकमेत नवी जोडी बसणार नाही. शिवाय ते अँप्लिफायरकडून जास्त ताकद मागतात. त्याच ताकदीवर एखादा स्पीकर तीन डेसिबल हळू वाजत असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी त्याला दुप्पट वॅट लागतात, हे लक्षात असू द्या.

तुमच्यासाठी केईएफ क्यू150 ऐकून बघा. त्यात ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, वूफरच्या मधोमध बसवलेला आहे, त्यामुळे गळा एकाच बिंदूतून आल्यासारखा लागतो, आणि सतरंजीवर कडेला बसलेल्या मुलीलाही फार वेगळं ऐकू येत नाही. तो साधारण 51 हर्ट्झपर्यंत खाली जातो, म्हणजे खर्ज पुरता येतो आणि त्याखालची धडधड येत नाही. हवेचं भोक मागच्या बाजूला आहे म्हणून भिंतीला चिकटवायचा नाही. तुम्ही चार फूट पुढे आणणारच आहात.

आणि स्टँड. बाजारातले तयार स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यांच्या हिशेबाचे. गादीवर मांडी घातली की कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो. ट्वीटर त्याच उंचीवर हवा. सुताराकडून जड लाकडाचे करून घ्या.

दुकानात गुरुजींचंच ध्वनिमुद्रण न्या, एकच विलंबित, आणि निदान वीस मिनिटं ऐका. तालमीच्या कॅसेट मोनोच, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणाऱ्या, असतील ना? मग गळा बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये उभा राहिला पाहिजे. इकडेतिकडे पसरला तर ती जोडी नको.

रामबाग, इंदूर

राजेंद्रनगरचे दादा, देवासचे काका, दोघांना नमस्कार. सबवूफर कोपऱ्यातच होता.

रविवारी भाचा आला, सूर लावून आम्ही चाललो. गादीपाशी कानात दडे बसल्यासारखं झालं. दोन पावलं पुढे आले, कमी. आणखी एक पाऊल, आणि सूर गेला! कोणी बंद केला असं वाटून मी मागे वळून पाहिलं. ज्या घरात चौतीस वर्षं गाते तिथे हे मला माहीत नव्हतं. 

गादी तीन फूट पुढे आली आहे. क्यू150 काल तासभर ऐकले, गुरुजींचा पुरियाच नेला होता. निषादावरून षड्जाकडे जाताना ते थांबतात, श्वास घेत नाहीत, नुसते थांबतात. कॅसेटवर हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. दुकानातला मुलगाही बोलायचा थांबला.

जोडी सांगून आले. काका, स्टँडसाठी सुतार सागवान म्हणतो आहे, आत वाळू भरायला जागा ठेवायला सांगू का?

देवास

ठेवा. वाळू मात्र चाळून, उन्हात दोन दिवस वाळवून भरा, ओलसर राहिली तर लाकूड फुगेल. आणि खाली कोटा फरशी आहे, पायांना रबराच्या चकत्या लावा.