दुर्गम वस्त्यांसाठी फिरता दवाखाना घ्यावा का? अनुभव असेल तर सांगा

पायवाट:
नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्रांनी थोडा निधी जमवलाय, खेड्यातल्या आरोग्यासाठीच वापरायचा हे पक्कं, पण नेमका कशावर यावर रोज वाद चाललेत. एक गट म्हणतो फिरता दवाखाना, म्हणजे गाडी, औषधं आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. दुसरा म्हणतो टेलिमेडिसिन, म्हणजे स्क्रीनवरून दूरच्या डॉक्टरचा सल्ला, टॅब आणि इंटरनेट दिलं की झालं. ज्या वस्त्या डोळ्यासमोर आहेत तिथून जवळचा दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पावसाळ्यात तर रस्ताच बंद, आणि राहायला डॉक्टर कोणी तयार नाही. गाडीचं कोटेशन आलंय, लोक घाई करतायत.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
कोटेशन आधी बाजूला ठेवा. मी नर्स आहे, अशा शिबिरांना बऱ्याचदा गेलेय. एकदा एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन शिबिरांच्या चिठ्ठ्या घेऊन आले, तिन्हीवर बीपीच्या वेगवेगळ्या गोळ्या, आणि दर वेळी मिळाल्या तेवढ्या खाल्ल्या, संपल्या की बंद, त्यांना वाटायचं कोर्स पूर्ण झाला. बीपी, शुगर, फिट्स याला रोज गोळी लागते आणि कोणीतरी मागे लागणारं लागतं. बाळंतपण, सर्पदंश, बाळाचा न्यूमोनिया हे तर गाडीचा वार बघून येतच नाही. फोटो मात्र गाडीसमोर झकास येतात.
गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, मोतीबिंदू बघणं याला गाडी चालते, पण तारीख चुकवायची नाही. दोनदा चुकली की लोक फिरकत नाहीत.

आडवाटेचा:
सिस्टरना +१. बाळंतपणातल्या मृत्यूंवर थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली तीन उशीर मांडले होते: जायचं ठरवण्यात उशीर, पोचण्यात उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. तुमच्या वस्त्यांत कुठला उशीर मोठा आहे ते आधी बघा ना. वर्षभरात जी माणसं दगावली किंवा थोडक्यात वाचली त्यांच्या घरी जाऊन बसा, त्रास कधी सुरू झाला, निघायचं कोणी ठरवलं, वाहन किती वाजता मिळालं, तिथे कोण भेटलं, सगळं विचारा. रात्री वाहन मिळत नाही एवढंच कारण निघालं तर दोन-तीन जीपवाल्यांशी आधीच ठरवून ठेवा, भाडं निधीतून द्या, व्हॅनपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल.
आणि डॉक्टर नाही म्हणजे सगळंच अडलं असं नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं, त्यात कित्येक निरक्षर होत्या. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिक द्यायलासुद्धा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या १९९९ च्या पेपरात तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं आहे. पण लगेच कोणाच्या हाती सुई देऊ नका, त्यामागे कडक ट्रेनिंग आणि सततची देखरेख होती.

नेटवर्क_नाही:
टेलिमेडिसिनला एकदम मोडीत काढू नका राव. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला, त्यात पेशंटला स्क्रीनसमोर बसवलं नाही, तर खेड्यातल्या दवाखान्यांतल्या डॉक्टर-नर्सना दर आठवड्याला तज्ज्ञांशी जोडलं, खऱ्या केसेसवर चर्चा. हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार बरा होण्याचं प्रमाण विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के आणि या केंद्रांवर ५८.२, २०११ मध्ये छापून आलंय. तेव्हा टॅब घ्यायचा तर तो शिकलेल्या माणसाच्या हातात द्या. नुसता वस्तीत नेऊन ठेवलात तर पोरं पिक्चर बघतील. आणि स्क्रीनवरच्या डॉक्टरने लिहिलेली गोळी अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच मिळणार असेल तर काय उपयोग?

पायवाट:
हे पटतंय. मग वस्तीतल्याच दोघी-तिघी निवडू. त्या स्वयंसेवक म्हणून करतील ना? मानधनापेक्षा सेवाभाव महत्त्वाचा असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं.

सिस्टर_ऑन_ड्युटी:
सेवाभाव बाईनेच दाखवायचा, ड्रायव्हरला मात्र पगार, असं का हो? मानधन द्या, तेही दर महिन्याला ठरल्या तारखेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना कामाचा मोबदला द्या असं आहे, आणि तो फक्त कामगिरीवर मोजून देऊ नका असंही.
दुसरं म्हणजे औषधांचं कपाट कोण भरणार ते आत्ताच लिहून काढा. ओआरएस, पॅरासिटामॉल, बीपीच्या गोळ्या संपायच्या आत कोणाला फोन करायचा, पावसाळ्याआधी किती महिन्यांचा साठा पोचवायचा. गोळ्या डॉक्टरने ठरवलेल्याच जाणार. बीपी मशीन घ्याल तेव्हा वेगवेगळ्या मापाचे कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचे पट्टे, घ्या, बारीक दंडाला मोठा कफ लावला की आकडा कमी दाखवतो.
आणि सरकारी केंद्रातल्या नर्सला भेटलात का? तिला वगळून समांतर दुकान थाटू नका, लसींची यादी तिच्याकडे असते आणि रेफर केलेला पेशंट शेवटी तिच्याकडेच जाणार.

पायवाट:
नाही भेटलो अजून. या आठवड्यात जातो. गाडीवाल्याला थांब म्हणून कळवलंय.